शाळेच्या कॅन्टीनमध्ये उरलेलं अन्न वेळेत पोचवायचं कसं

मधली सुट्टी संपल्यावर टोपात डोकावायचं आणि मग फोनाफोनी करायची, यात अन्न हमखास वाया जातं. घेणारे आधी ठरवा, आणि ते कधी जेवतात तेही विचारा. रात्री आठला पंगत बसणाऱ्या वसतिगृहाला दुपारी दीडचा भात देऊ नये. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात गावोगावहून आलेल्या पेशंटांचे नातेवाईक असतात. तिथे वाटायचं तर रुग्णालय प्रशासनाची परवानगी आधी घ्या.

ताटातलं उष्टं कधीच द्यायचं नाही. म्हणून सगळे टोप एकदम उघडू नका. शेवटचा टोप मंद आचेवर झाकून ठेवा आणि रांग आटोपत आली की तो लागणार का, ते ठरवा. माणशी ३०० ग्रॅम धरलं तर १० किलो मसालेभातात साधारण ३० जण जेवतात. फोनवर हाच आकडा सांगा.

सगळ्यात जपायचं ते भाताला. तांदळात बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवूनही टिकतात. भात कोमट राहिला की जिवाणू वाढून विष तयार करतात, ते पुन्हा गरम करूनही जात नाही. त्यामुळे भात, आमटी, उसळ ६० अंश सेल्सिअसच्या वरच हवी. टोचायचा थर्मामीटर मधोमध आणि कडेलाही लावा, कमी येईल तो आकडा खरा धरा. अन्न किती वेळ कोमट होतं हे सांगता येत नसेल तर ते देऊ नका, कितीही जीव तुटला तरी. उष्णता धरणाऱ्या डब्यात आधी दहा मिनिटं उकळतं पाणी ठेवा. गार डबा अन्नाची ऊब खातो. अर्धवट भरलेला डबाही लवकर निवतो.

चपात्यांचं उलट. गरम रचल्या की वाफ धरून चिकटतात. सुती कापडावर पसरून वाफ जाऊ द्या, मग डब्यात भरा. वर्तमानपत्र नको, शाई अन्नाला लागते. कोशिंबीर, ओल्या खोबऱ्याची चटणी, ताक, चिरलेली फळं देऊच नका.

उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०१९ चे नियम आहेत. डब्यावर पदार्थाचं नाव, शाकाहारी की मांसाहारी, तयार केल्याची तारीख-वेळ आणि शाळेचं नाव लिहा. शेंगदाण्याचं कूट घातलं असेल तर तेही लिहा. आपल्याकडे ते निम्म्या भाज्यांत असतं.

किती शिजवलं, किती उरलं, का उरलं, हे रोज वहीत टिपा. एखादी भाजी सलग तीन आठवडे उरत असेल, तर ती कमी शिजवा.