सामायिक मोकळ्या जागेचा आराखडा कसा करावा

सार्वजनिक मोकळ्या जागेचा आराखडा करायला घेताना पेन्सिल सर्वांत शेवटी हाती घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. आधी ती जागा सकाळी, भर दुपारी, तिन्हीसांजेला आणि सुट्टीच्या दिवशी पाहावी. कोण कुठून येते, कोणत्या सावलीत थांबते आणि गवत तुडवले जाऊन पायवाट कुठे पडली आहे, हे नकाशावर नोंदवावे. त्या पायवाटेला कुंपण घालण्यापेक्षा तीच पक्की करणे शहाणपणाचे, कारण लोकांनी आपली गरज तिथे आधीच आखून दाखवलेली असते.

केवळ सभा बोलावून भागत नाही. सभेत बोलके लोकच येतात. सफाई कामगार, फेरीवाले, वृद्ध, मुले आणि तिथे येणे टाळणाऱ्या स्त्रिया यांना स्वतः जाऊन भेटावे. ‘काय हवे?’ असे विचारल्यास सहसा ठरावीक यादी मिळते. ‘इथे काय करता आणि काय टाळता?’ असे विचारल्यास जागा उलगडू लागते.

पाण्याचा अभ्यास मात्र भर पावसात, जागेवर उभे राहूनच करावा. एक चौरस मीटरवर पडलेला १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. म्हणजे ५०० चौरस मीटर फरसबंदीवर २० मिलिमीटर पाऊस झाला, तर १०,००० लिटर पाण्याची सोय लावावी लागते. ते गटारात सोडण्याऐवजी सखल भागात १५ ते २० सेंटिमीटर खोल खळगा करून, ओल आणि कोरड दोन्ही सोसणारी स्थानिक झाडे लावून जिरवावे. त्याआधी तिथे ३० सेंटिमीटर खोल खड्डा खणून पाण्याने भरावा, ते जिरल्यावर पुन्हा भरावा आणि दर तासाला पातळी मोजावी. ती ताशी सव्वा सेंटिमीटरपेक्षा कमी उतरत असेल, तर दुसरी जागा शोधावी. दिवसेंदिवस साचलेल्या पाण्यात डास होतात.

जुनी झाडे हे जागेचे खरे भांडवल. पाणी शोषणारी बहुतेक मुळे वरच्या ६० सेंटिमीटर मातीत, फांद्यांच्या घेराबाहेरही पसरलेली असतात. यंत्रांखाली ती माती दबली, की झाड काही वर्षांनी वाळते आणि कारण कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून काम सुरू होण्यापूर्वीच घेराबाहेर तात्पुरते कुंपण घालावे.

नव्या रोपांना पाणी कोण घालणार, खळग्यातला गाळ कोण काढणार आणि त्याचा खर्च कुठून येणार, हे रोपे आणण्यापूर्वीच लेखी ठरवावे. ज्या भागाची जबाबदारी कोणीच घेत नाही, तो आराखड्यातून वगळावा.