ओपन फ्रॅक्चर : दोन ऑपरेशनांच्या मधले दिवस

ऑर्थोला, म्हणजे हाडांच्या विभागात, नव्याने लागलेल्या प्रत्येकाला ओटीची (ऑपरेशन थिएटरची) ओढ असते. पण सरकारी मेडिकल कॉलेजात जेआर-वन (पहिल्या वर्षाचे निवासी डॉक्टर) असाल, तर ओपन टिबियाच्या, म्हणजे नडगीचं हाड मोडून वर जखम उघडी असलेल्या, पेशंटसोबतचा तुमचा बहुतेक वेळ वॉर्डात, ड्रेसिंगच्या ट्रॉलीशेजारी जाणार. ते हलकं काम समजू नका. आधी डिब्राइडमेंट (मेलेला, घाण भाग कापून जखम साफ करणं) आणि फिक्सेटर (हाडात पिना घालून बाहेरून धरणारी फ्रेम), मग फ्लॅप (उघड्या हाडावर झाकायला आणलेला जिवंत मांस-कातडीचा तुकडा), मग नेल (हाडाच्या पोकळीतला रॉड) किंवा प्लेट, अशा टप्प्यांच्या उपचारात घोळ होतो तो बहुतेकदा टप्प्यांच्या मधल्या दिवसांत. तीन वर्षं वॉर्ड सांभाळून माझं तरी हेच मत झालंय.

रात्री पेशंट आला की पहिली घाई अँटिबायोटिकची. तासाभरात शिरेतून गेलंच पाहिजे. मग टिटॅनसचं इंजेक्शन, जखमेचा फोटो, सलाईनचं ओलं ड्रेसिंग, स्प्लिंट. फोटो काढला की येणाऱ्या प्रत्येकासाठी ड्रेसिंग उघडावं लागत नाही. गस्टिलो ग्रेड (ओपन फ्रॅक्चर किती गंभीर, त्याची श्रेणी) कॅज्युअल्टीत ठामपणे लिहू नका, खरा ग्रेड डिब्राइडमेंटनंतरच कळतो. वर इंचभर जखम आणि आत स्नायूंचा चेंदा, हे सर्रास दिसतं.

जखम उघडी आहे म्हणजे कंपार्टमेंट सिंड्रोम (स्नायूंच्या बंद कप्प्यात दाब वाढून रक्तपुरवठा अडणं) होणार नाही, हा समज डोक्यातून काढा. पोटरीचा एक कप्पा फाटला तरी बाकीचे तीन बंदच असू शकतात. पायाची बोटं ताणल्यावर पेशंट ओरडला, पेनकिलर पुरेना झालं, तर सीनियरला तेव्हाच उठवा. शिव्या खाव्या लागल्या तर खा.

फ्लॅप जिथून फिरवायचा तिथेच पिन ठोकली की प्लास्टिक सर्जरीवाले वैतागतात, आणि त्यांचं बरोबरच असतं. जमलं तर पहिल्या डिब्राइडमेंटलाच त्यांना बोलवा. ल्युब्लियानाच्या मार्को गोदिना यांच्या १९८६च्या पेपरात ७२ तासांच्या आत फ्री फ्लॅप (शरीराच्या दुसऱ्या भागातून काढून, रक्तवाहिन्या जोडून लावलेला फ्लॅप) केलेल्यांमध्ये फ्लॅप वाया जाणं आणि इन्फेक्शन सगळ्यात कमी होतं. आपल्याकडे ते ७२ तास पुष्कळदा रेफर होऊन पोचण्यातच सरतात. तोवर वॅक (स्राव ओढून घेणारं व्हॅक्यूम ड्रेसिंग) लावतात, पण वॅक म्हणजे फ्लॅप नव्हे. त्याच्या भरवशावर उघडं हाड आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं, तर इन्फेक्शन ठरलेलंच.

पिनभोवती लाली, स्राव, सैलपणा रोज बघा आणि राउंडला स्वतःहून सांगा. फिक्सेटर काढून नेल टाकायचा तो साधारण दोन आठवड्यांच्या आत, पिनच्या जागा कोरड्या असताना. पिनमधून पू येत असताना थेट नेल टाकला तर तोच पू हाडाच्या पोकळीभर पसरतो. अशा वेळी फिक्सेटर काढून पाय प्लास्टरच्या स्लॅबमध्ये ठेवतात आणि जागा भरून येईपर्यंत थांबतात. इथे युनिटमधल्या घाईला तुमची रोजची नोंदच अडवू शकते.

घोट्याकडे तर कुणाचंच लक्ष नसतं. फ्लॅप जगतो, हाड जुळतं, आणि पेशंटची टाच जमिनीला टेकत नाही, कारण पाय इतके दिवस खाली लोंबकळत होता. पहिल्या दिवसापासून घोटा ९० अंशात धरा. स्प्लिंटने किंवा फ्रेममध्येच पाऊल घेऊन.

नातेवाइकांना पहिल्याच रात्री सांगा, की ऑपरेशन एकच नाही, तीन-चारही होतील. हाडाचा तुकडा गेला असेल तर इलिझारोव्हचं, म्हणजे फ्रेमने हाड हळूहळू सरकवत नवं हाड वाढवण्याच्या पद्धतीचं, गणित समजावून सांगा. दिवसाला १ मिलिमीटर, तेही पाव-पाव करून चार वेळा. म्हणजे ४ सेंटिमीटरला ४० दिवस फक्त सरकवायला, आणि नवं हाड पक्कं व्हायला त्याहून कितीतरी जास्त. तंबाखू, मिश्री, बिडीचं त्याच वेळी विचारा. पाय वाचवायचा की कापायचा, असा प्रश्न आला तर कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलचा, इजा किती गंभीर ते मोजणारा, स्कोअर मांडा : १४ पर्यंत वाचवण्याकडे कल, १७ पासून पुढे कापण्याकडे, मधले १५-१६ अनुभवी सर्जनने ठरवायचे. तुम्ही आकडे फाइलवर लिहा, निर्णय युनिट हेडवर सोडा, आणि झालेलं बोलणं तारीख-वेळेसह नोंदवून नातेवाइकांची सही घ्या.