ठेवायची की बदलायची? दोन सारख्या छोट्या गिटारींचा निकाल लावण्याआधी

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं: दोन्ही गिटारी एकाच खोलीत, आतल्या एकाच भिंतीला, किमान पंधरा दिवस ठेवा. बाकीचं सगळं त्यानंतर. एक गिटार कूलरच्या खोलीत खुंटीला आणि दुसरी माडीवर बॅगेत, अशा दोन गिटारी एखाद्या दुपारी मांडीवर घेऊन "हिचा आवाज मोकळा, तिचा दबलेला" असं ठरवलं तर हवेचा दोष गिटारीच्या नावावर जातो. आपल्याकडे विदर्भात मे महिन्याच्या दुपारी बाहेरची आर्द्रता वीस टक्क्यांच्या खाली उतरते. कूलर लावून बंद केलेल्या खोलीत तीच साठ-सत्तरपर्यंत चढते. कोरड्या हवेत वरची फळी आक्रसून खाली बसते, तारा फ्रेटजवळ (दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांजवळ) येतात आणि झणझणायला लागतात. दमट हवेत फळी फुगते, तारा वर जातात आणि आवाज जाड होतो. हे सगळं एकाच गिटारीत घडतं. मग दोन गिटारी दोन हवांत ठेवून तुलना कशाची करणार?

त्यासाठी डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे हवेची आर्द्रता मोजणारा मीटर घ्या. साधा, स्वस्तातलाही चालतो, पण आधी तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, पाण्याचे थेंब टाकून ओल्या वाळूसारखं करा. मीठ विरघळू द्यायचं नाही. झाकण आणि मीटर घट्ट डब्यात बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दिसायला हवं. ६९ दिसलं तर मीटर सहाने कमी दाखवतो, तेवढे मिळवत जा. खोलीत ४५ ते ५५ टक्के असेल तर पंधरा दिवस मोजायला सुरुवात करा. नसेल तर थांबा. मे आणि ऑगस्टमध्ये हा निर्णय घेऊच नका. सोयाबीन निघालं, दिवाळी आटोपली, की हवा आपोआप मधल्या पट्ट्यात येते. उन्हाळ्यातच ठरवायचं असेल तर दोन्ही गिटारी आपापल्या बंद केसमध्ये ठेवा, सोबत भोकं पाडलेल्या साबणदाणीत घट्ट पिळलेला स्पंज ठेवा. थेंब गळता कामा नये. दोन्ही केसमध्ये. एकीत नको.

एक गिटार सॉलिड टॉपची (वरची फळी अखंड लाकडाची) आणि दुसरी प्लायची (थर चिकटवलेली) असेल तर हे दुप्पट लागू. सॉलिड फळी हवेबरोबर जास्त हलते, प्लाय फारशी हलत नाही, म्हणून उन्हाळ्यात प्लायची गिटार उगाच शहाणी वाटते. वरच्या फळीतल्या गोल भोकाच्या कडेवर टॉर्च मारा. वरच्या रेषा कडेतून सरळ आत उतरलेल्या दिसल्या तर फळी सॉलिड. थर दिसले तर प्लाय.

आता दोन्ही खरोखर सारख्या आहेत का ते टेपने मोजा, डोळ्यांवर जाऊ नका. नटपासून (डोक्याजवळच्या, तारा बसणाऱ्या खाचांच्या पट्टीपासून) बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर दुप्पट केलं की स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी मिळते. मार्टिन कंपनीच्या ट्रिपल-ओ आणि ओएम या दोन मापांचं अंग सारखंच, खालच्या फुगवट्याची रुंदी १५ इंच, पण नेहमीच्या ट्रिपल-ओचं स्केल २४.९ इंच आणि ओएमचं २५.४. अर्ध्या इंचाचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण त्याच तारा ओएमवर जास्त ताणल्या जातात. ट्रिपल-ओवर तार वाकवणं सोपं जातं, ओएमवर स्वर जास्त ठाम येतो. यामाहाच्या एफएस ८०० चं स्केल ६३४ मिलिमीटर (सुमारे २४.९६ इंच), म्हणजे या दोघांच्या मधलं. नटची रुंदीही मोजा. ४३ आणि ४४.५ यांतला दीड मिलिमीटर बोटांनी वाजवणाऱ्याला लगेच कळतो, नुसते कॉर्ड झोडणाऱ्याला कळतही नाही. नेक (दांडा) अंगाला बाराव्या फ्रेटवर मिळते की चौदाव्या, तेही बघा. बारावर मिळाली की ब्रिज (फळीवर चिकटवलेला, तारा अडकवायचा तुकडा) फुगवट्याच्या मध्याकडे सरकतो आणि स्वर गोल होतो. स्केल, नट, सांधा आणि फुगवटा ही चारही मापं जुळली तरच त्या गिटारी एकमेकींच्या जागी चालतात. त्यातलं एक जरी जुळलं नाही तर "दोन-दोन कशाला" हे घरच्यांचं म्हणणं सध्या बाजूला ठेवा.

तारा एकाच कंपनीच्या, एकाच जाडीच्या, एकाच दिवशी चढवलेल्या. १२-५३ चा सेट (सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) असेल तर दोन्हींवर १२-५३, ११-५२ असेल तर दोन्हींवर तोच. एकीवर फॉस्फर ब्राँझ आणि दुसरीवर ८०/२० ब्राँझ असेल तर तुलना तारांची होते, लाकडाची नाही. नव्या तारांना दोन-तीन दिवस वाजवून बसू द्या.

मग सेटअप, म्हणजे नेक आणि तारांची उंची जुळवणं. पुन्हा सांगतो, पंधरा दिवस पूर्ण झाल्यावरच, आधी नाही. कोरड्या हवेत सॅडल (ब्रिजमधली, तारा टेकतात ती पट्टी) उंच करून घेतला की पावसाळ्यात तारा बोटभर वर गेल्यासारख्या वाटतात आणि दोष गिटारीवर येतो. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, जाड ई तार नेक अंगाला मिळते तिथे दाबा, आणि सहाव्या-सातव्या फ्रेटवर तारेखालची फट बघा. ०.१ ते ०.२५ मिलिमीटर ठीक. ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, आणि जोर लावावा लागला तर सोडून द्या. कॅपो काढून बाराव्या फ्रेटवर जाड ई २.४ आणि बारीक ई १.८ मिलिमीटरच्या आसपास, दोन्ही गिटारींवर सारखं. तिथे अर्धा मिलिमीटर कमी करायचा असेल तर सॅडल खालून एक मिलिमीटर घासावा लागतो. थोडं घासा, मोजा, परत घासा. घासलेलं परत येत नाही.

सॅडल ब्रिजच्या वर जेमतेम मिलिमीटरभर उरला आहे आणि तारा तरीही उंच, असं असेल तर नेकचा कोन गेला. सरळ पट्टी फ्रेटांवर ठेवून पुढे सरकवा. तिचं टोक ब्रिजच्या माथ्याला टेकायला हवं. खाली, ब्रिजच्या अंगावर आदळलं तर नेक रिसेट (नेक काढून कोन सुधारून परत बसवणं) लागेल, आणि स्वस्त गिटारीला तो खर्च परवडत नाही. अशी गिटार ठेवायची की नाही हा प्रश्नच संपला. पण फळी ओलाव्याने फुगली असली तरी हीच लक्षणं दिसतात. म्हणून हायग्रोमीटर. मीटर न बघता "नेक गेली" म्हणून चांगली गिटार मातीमोल भावात देणारे आहेत.

ब्रिजच्या मागच्या कडेखाली साधा कागद सरकवून बघा. आत शिरला तर ब्रिज सुटतो आहे, बहुतेक वेळा उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीचा प्रताप. तो गावातल्या सुताराकडून पांढऱ्या गोंदाने चिकटवून घेऊ नका. तो गोंद ताणाखाली हळूहळू सरकतो, आणि पुढच्या कारागिराला आधी तो खरवडून काढावा लागतो. फ्रेटची टोकं नेकच्या कडेला हाताला टोचत असतील तर लाकूड वाळलं आहे. कानस लावायची घाई नको, आर्द्रता आल्यावर टोचणं बहुधा कमी होतं. ब्रिजच्या खालच्या भागात उभी चीर आहे का तेही बघा.

आवाजाची परीक्षा पाठ फिरवून. वाजवणारा दुसरा, तुम्ही भिंतीकडे तोंड करून, गिटारीचं नाव न सांगता. तोच माणूस, तोच पिक, तीच तीन कडवी. फोनवर रेकॉर्ड करायचं तर मीटरभर अंतरावरून, फोन जागचा हलवायचा नाही. पाचव्या ते नवव्या फ्रेटमधले स्वर नीट ऐका, छोट्या अंगाच्या गिटारींतला फरक तिथेच उघडा पडतो. खंजिरी भजनात नेऊन कोणती जास्त ऐकू येते ते बघू नका. खंजिरी, टाळ आणि पेटीपुढे दोन्ही बुडणार, बाप्पा.

पाठ फिरवून ऐकताना ओळखता येत नसेल तर एक बदला. ओळखता येत असेल तर कामं वाटून बघा. एक स्टँडर्ड ट्यूनिंगला, दुसरी डॅडगॅडला (तारा डी-ए-डी-जी-ए-डी स्वरांत लावणं) किंवा बोटांच्या वादनाला. महिनाभर असं चालवा. जिला हातच लागला नाही ती जाऊ द्या.

देताना: दुकानदार एक्स्चेंजमध्ये स्वतःचा नफा आणि दुरुस्ती कापूनच भाव सांगणार, म्हणून आधी थेट गिऱ्हाईक शोधा. नागपूर-अमरावतीला न्यायची तर सकाळच्या गाडीने, मांडीजवळ धरून, डिक्कीत किंवा टपावर नाही. बदल्यात मिळणारी गिटार एसी दुकानातली असते, तीसुद्धा घरी पंधरा दिवस बसू द्या, मग बोला. परत करायची मुदत आधी लिहून घ्या. पार्सलने पाठवायची तर तारा दोन स्वर ढिल्या करा, हेडस्टॉकखाली आणि नेकखाली गुंडाळलेलं कापड घाला, डब्यात डबा. बिल, ॲलन की, जुना सॅडल सोबत द्या. पिकअप असेल तर बॅटरी काढून.