जुन्या ट्रॅव्हलरचे डिझेल इंजिन: निगा आणि दोषांची ओळख

पुण्याच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, 1987 साली आणलेल्या ट्रॅव्हलर व्हॅनच्या जुन्या गाड्या अजूनही लग्नाची वऱ्हाडे आणि देवदर्शनाच्या सहली वाहत आहेत. त्यांतील मूळ इंजिन मर्सिडीज-बेंझच्या ओएम 616 या घराण्याचे, चार सिलिंडरचे आणि सुमारे 2.4 लिटरचे आहे. त्याचा सिलिंडरांना डिझेल पुरवणारा मुख्य पंप पूर्णपणे यांत्रिक असल्याने दोष कोणत्याही स्कॅनरवर उमटत नाही. तो धूर, वास, आवाज आणि डिपस्टिक (ऑइलची पातळी पाहण्याची कांडी) यांवरूनच ओळखावा लागतो. माझ्या अनुभवात गाडीमालकाचा सर्वाधिक पैसा चुकीच्या क्रमाने केलेल्या दुरुस्तीत जातो: जिथे हातभर रबरी पाइप बदलायचा असतो, तिथे थेट पंपच उतरवला जातो. म्हणून पुढील तपासण्या साध्या आणि स्वस्त कामांपासून सुरू केल्या आहेत.

रोज सकाळी सेल्फ मारण्यापूर्वी, गाडी सपाट जागी उभी असताना, डिपस्टिक पुसून ऑइल पाहावे. डिझेल इंजिनाचे ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळे पडते आणि त्यात काही वावगे नाही. पातळी वाढलेली दिसली तर मात्र सावध व्हावे, कारण ऑइल आपोआप कधीच वाढत नाही. कांडीला डिझेलचा वास येत असेल आणि ऑइल बोटांवर पाण्यासारखे पातळ लागत असेल, तर फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) किंवा मुख्य पंपाचे सील आतून गळत आहे; ऑइल दुधाळ चहासारखे दिसत असेल, तर त्यात पाणी मिसळले आहे. या दोन्ही अवस्थांत गाडी चालवल्यास बेअरिंगे जातात, त्यामुळे त्या दिवसाची फेरी रद्द करणेच योग्य. ऑइल व फिल्टर मी दर 5,000 किलोमीटरला बदलतो. जुन्या इंजिनात काजळी लवकर साचते आणि तिथे काटकसर परवडत नाही.

सकाळी लवकर चालू न होणे, चालू होऊन लगेच बंद पडणे आणि चढावर गाडीने ओढ न घेणे, या तिन्ही तक्रारींचे मूळ बहुधा डिझेलच्या लाइनमध्ये शिरणाऱ्या हवेत असते. टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढले जाते, म्हणून त्या भागातील भेगेतून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते आणि पाइप बाहेरून कोरडाच दिसतो. ही चोरी पकडण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे फिल्टर आणि मुख्य पंप यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक, डिझेलला टिकणारा पाइप तात्पुरता जोडणे. इंजिन चालू केल्यावर त्यातून अखंड सोनेरी धार जाताना दिसली पाहिजे. साबुदाण्याएवढे बुडबुडे एकामागोमाग येत राहिले, तर टाकीच्या दिशेने एकेक क्लिप, तांब्याचा वॉशर आणि हात पंपाचे सील तपासत जावे. दोष दूर केल्यावर फिल्टरवरचा एअर काढण्याचा बोल्ट सैल करून, फेस थांबून निर्भेळ डिझेल येईपर्यंत हात पंप मारावा आणि मगच बोल्ट आवळावा. पावसाळ्यात फिल्टरच्या तळाचे पाणी दर आठवड्याला सोडावे, कारण पंपाचे आणि नोझलचे (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीचे) भाग डिझेलच्याच वंगणावर चालतात.

हवा नसूनही थंड इंजिन चालू होत नसेल, तर हीटर प्लग, म्हणजे थंड सिलिंडर आतून तापवणारे प्लग, पाहावेत. प्लगची वायर काढून, टेस्ट लॅम्पचे एक टोक बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरे प्लगला लावावे. दिवा न लागल्यास तो प्लग गेलेला आहे. त्यानंतर क्रम येतो टॅपेट सेटिंगचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांतील अंतर जुळवण्याचा, ज्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. या 2.4 लिटर इंजिनाला थंड असताना इनटेक (हवा आत घेणाऱ्या) व्हॉल्व्हसाठी 0.10 आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणाऱ्या) व्हॉल्व्हसाठी 0.30 मिलिमीटर अंतर लागते. झिजेमुळे हे अंतर कमी होत जाते, व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेचा दाब, निसटते. अशा इंजिनाचा आवाज उलट अधिक शांत वाटतो. किंचित टकटक करणारे टॅपेट मला त्यापेक्षा बरे वाटतात.

धुराचा रंग पाहताना इंजिन थंड आहे की गरम, हे आधी लक्षात घ्यावे. थंडीत क्षणभर आलेला पांढरा धूर चालतो; गरम झाल्यावरही टिकणारा, डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल. भाराखाली येणारा काळा धूर आधी एअर फिल्टरकडे आणि मग नोझलकडे बोट दाखवतो, तर निळा धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो. इंजिन मिसिंग करत असल्यास, म्हणजे एखादे सिलिंडर नीट न चालल्याने धक्के देत असल्यास, आयडलवर एकेका नोझल पाइपचा नट अर्धा फेरा सैल करावा. ज्या नटाने आवाजात फरक पडत नाही, ते सिलिंडर काम करत नाही. हातमोजे व चष्मा घालावा आणि तोंड व हात फवाऱ्यापासून दूर ठेवावेत, कारण दाबाचे डिझेल कातडीत शिरते. कॉमन रेलच्या (एकाच उच्च दाबाच्या नळीतून सर्व नोझलना डिझेल देणाऱ्या) नव्या इंजिनावर हा प्रयोग कधीही करू नये. तिथे दाब 1,000 बारच्या (बार हे दाबाचे एकक) पुढे जाऊ शकतो.

एकदा पसरणी घाटात, पाचगणीच्या अलीकडे, माझ्या गाडीचा तापमानाचा काटा वर चढला आणि हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांमधील सीलची पट्टी) उडाले असे मी धरून चाललो. प्रत्यक्षात रेडिएटरच्या जाळीत बाहेरून उसाचे पाचट आणि चिखल घट्ट बसला होता. तेव्हापासून मी जाळी आतून बाहेरच्या दिशेने, हलक्या धारेने धुतो आणि नंतरच थर्मोस्टॅट, फॅन व बेल्ट पाहतो. गॅस्केटची शंका असल्यास पूर्ण थंड इंजिन चालू करून मिनिटभरात वरचा होज दाबून पाहावा. पाणी गरम होण्यापूर्वीच तो दगडासारखा कडक झाला, तर सिलिंडरमधील वायू पाण्यात शिरत आहे.

एवढे सर्व तपासूनही ताकद कमी असेल आणि ऑइल भरण्याचे झाकण काढल्यावर तिथून धूर जोराने फेकला जात असेल, तर कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. सुस्थितीतील इंजिन 22 ते 24 बार दाखवते आणि सिलिंडरांमध्ये 3 बारहून अधिक फरक नसावा. एकच सिलिंडर मागे असल्यास आधी टॅपेट पुन्हा तपासावेत. चारही 15 बारच्या खाली गेले असतील, तर बोअर, पिस्टन आणि रिंगांचे काम काढावे.