आपल्या विधानसभा मतदारसंघाची कुंडली कशी मांडायची (कसबा पेठेचं उदाहरण घेऊन)

निवडणूक जवळ आली की प्रत्येक ग्रुपवर कोणीतरी टाकतंच, "हा आमचा बालेकिल्ला, तीस वर्षं आमचाच!" पण तीस वर्षांपूर्वी त्या मतदारसंघाची हद्द कुठवर होती हे कोणी विचारत नाही. म्हणून म्हणतो, आधी हद्द बघा, निकाल नंतर.

पुण्यातला कसबा पेठ घ्या, क्रमांक 215. नाव ऐकून लोकांना वाटतं कसबा गणपतीच्या आजूबाजूचा भाग, पण कसबा ही पेठ त्यातला एक तुकडा झाला, बाकी शनिवार, नारायण, सदाशिव, बुधवार, रविवार अशा कितीतरी पेठा त्यात येतात, शनिवारवाडाही त्यातच. एका बाजूला मुठा नदी, मधून नागझरीचा ओढा, आणि लक्ष्मी रोडवर उभं राहिलात तर इकडे वाडे पाडून झालेल्या सोसायट्या आणि थोडं पूर्वेला सरकलात की व्यापारी पेठांची दाटी. एका मतदारसंघात इतकी वेगवेगळी वस्ती आहे हे डोक्यात बसल्याशिवाय निकालाचे आकडे बोलत नाहीत.

हद्द शोधायला दोन कागद लागतात. एक म्हणजे 2008 चा परिसीमन आदेश, म्हणजे मतदारसंघांच्या हद्दी नव्यानं आखणारा आदेश, निवडणूक आयोगाच्या साइटवर मिळतो, त्यात कुठला मतदारसंघ कशाकशाचा बनलाय ते लिहिलेलं असतं. पण माझा आवडता कागद दुसरा, मतदार यादीचं पहिलं पान. मतदारसंघाचा नंबर, लोकसभा कुठली, यादी भाग क्रमांक, त्या भागातल्या गल्ल्या आणि वस्त्या, मतदान केंद्र कुठल्या शाळेत, पुरुष किती, बायका किती, सगळं त्या एकाच पानावर. जुन्या पुण्यात पत्ता म्हणजे घर नंबर आणि पेठ, त्यामुळे ही पानं एकापाठोपाठ एक लावली की नकाशा आपोआप तयार होत जातो. मी मोठी प्रिंट काढून स्केचपेननं एकेक भाग रंगवतो, वेळ जातो खूप, पण नंतर कुठलाही आकडा बघितला की ती गल्ली डोळ्यासमोर येते.

आता इतिहास. वहीत पहिली आडवी रेघ 2009 च्या आधी मारा. आत्ताची रचना 2001 च्या जनगणनेवर झाली आणि 2009 च्या निवडणुकीपासून लागू झाली. पुण्यात तेव्हा भवानी पेठ हा मतदारसंघच गेला, कोथरूड, वडगाव शेरी, खडकवासला नवीन आले, पर्वतीचं अनुसूचित जातींचं आरक्षण जाऊन कॅन्टोन्मेंट राखीव झाला. म्हणजे नाव तेच राहिलं तरी मतदार तेच असतील असं नाही, आणि रेघेच्या अलीकडच्या-पलीकडच्या मतांची थेट वजाबाकी करायची नाही म्हणजे नाही.

मग प्रत्येक निवडणुकीला एक ओळ: वर्ष, विजेता, दुसरा, फरक, मतदानाची टक्केवारी. पक्षाबरोबर माणसाचं नाव लिहाच, कारण कसब्यात भाजपचे गिरीश बापट 1995 पासून 2014 पर्यंत सलग 5 वेळा निवडून आले, ही पक्षाची ताकद किती आणि माणसाची किती हे नुसत्या चिन्हावरून कळत नाही. 2009 ला मनसेकडून लढून दुसरे आलेले रवींद्र धंगेकर 2023 ला काँग्रेसकडून जिंकले, पक्षाचाच रकाना भरला तर हा धागा दिसणारच नाही.

पोटनिवडणुकीला वेगळा रंग द्या. 2019 ला भाजपच्या मुक्ता टिळक 28 हजारांवर मतांनी जिंकल्या, डिसेंबर 2022 मध्ये त्यांचं निधन झालं, फेब्रुवारी 2023 ला पोटनिवडणूक झाली आणि धंगेकरांनी भाजपच्या हेमंत रासने यांना जवळपास 11 हजारांनी हरवलं, सगळीकडे "गड पडला" अशा हेडलाइन आल्या. 2024 ला तेच रासने 19 हजारांवर मतांनी आले. मधली ओळ काढून टाकली तर इतिहास खोटा, आणि तिलाच कायमचा बदल मानलं तरी चुकलंच. पोटनिवडणुकीत सगळ्या पक्षांचे नेते एकाच मतदारसंघात उतरतात, ते वारं सार्वत्रिक निवडणुकीत नसतं.

शेवटचं आणि सगळ्यात कष्टाचं काम फॉर्म 20 चं, म्हणजे अंतिम निकालाच्या तक्त्याचं. यात बूथप्रमाणे मतं असतात. जुन्या पीडीएफ स्कॅन केलेल्या, तिरक्या, आकडे हातानं टाइप करावे लागतात, तरी करा. फक्त एक काळजी घ्या, बूथचे नंबर दोन निवडणुकांच्या मधे बदलतात, त्यामुळे नंबर जुळवू नका, त्या-त्या वर्षाच्या यादीतून शाळेचं नाव आणि गल्ल्या जुळवा. सुरुवातीला सगळा मतदारसंघ घेऊ नका, स्वतःच्या बूथपासून सुरू करा आणि शेजारचे पाच-सहा जोडत जा.