टाइम ट्रायलचे टायर निवडताना या चुका टाळा

टाइम ट्रायल (टीटी) म्हणजे घड्याळाविरुद्ध एकट्याने मारायची सायकल रेस. तिच्यासाठी नवे रायडर वारा कापणाऱ्या एअरो हेल्मेटवर महिनोन्‌महिने खल करतात आणि टायर मात्र चाचण्यांच्या तक्त्यात सगळ्यात वर आहे म्हणून दहा मिनिटांत मागवून टाकतात. टायरमध्ये वेग आहे, यात वादच नाही. सायकल आणि स्वार मिळून 80 किलो वजन, ताशी 40 किलोमीटर वेग धरा. रोलिंग रेझिस्टन्सचा, म्हणजे टायर फिरताना होणाऱ्या विरोधाचा, गुणांक 0.005 असेल तर सुमारे 44 वॉट टायरच खातात, 0.003 असेल तर 26. हे सतरा-अठरा वॉट पायांतून काढायला किती घाम गाळावा लागतो ते विचारा. पण रिम, हवा आणि रस्ता जुळले नाहीत, तर तक्त्यातले वॉट तक्त्यातच राहतात.

मला सगळ्यात खटकणारी चूक म्हणजे हवा ठासून भरणं. टायरची चाचणी बहुधा पोलादी ड्रमवर होते. तिथे हवा जितकी जास्त तितकं केसिंग (टायरचं कापडी अंग) कमी दबतं आणि आकडा सुधारत जातो. रस्ता तसा नसतो. एका मर्यादेपलीकडे टायर खडीवर दबायचं सोडून सायकलीसकट तुम्हाला वर उचलतो आणि ती ऊर्जा तुमच्याच अंगाच्या थरथरीत जिरते. शिवाय त्या मर्यादेच्या वर नुकसान झपाट्याने वाढतं, खाली मात्र हळूहळू. म्हणून चुकायचंच असेल तर कमी हवेच्या बाजूला चुका.

आमच्या ग्रुपमधला एक मुलगा, पायांत सगळ्यांपेक्षा जास्त दम. रेस होती खडी वर आलेल्या रस्त्यावर. स्टार्टआधी त्याचा टायर दाबून पाहिला तर दगड! 120 पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक). "थोडी काढ," म्हटलं, तर म्हणाला, "नको दादा, कडक टायरच पळतो." खराब पट्टा आला की त्याचे हात एअरोबारवरून (कोपरं पॅडवर टेकवून वाकून धरायचे पुढचे दांडे) बेस बारवर (बाहेरचं आडवं हँडल) यायचे, छाती वर यायची आणि वारा सरळ अंगावर. पॉवर नेहमीइतकीच होती, तरी त्याच्याहून कितीतरी कमी वॉट काढणारे पुढे गेले. पुढच्या रेसला रस्ता तोच, टायर तेच, हवा 85. कोपरं शेवटपर्यंत पॅडवर राहिली आणि वेळ चांगलीच सुधारली. टायरमुळे वाचणारे वॉट पोझिशन मोडल्यावर काही सेकंदांत उडून जातात, हे त्याला तेव्हा पटलं.

माझी पद्धत साधी आहे. रेसच्याच रस्त्यावर, किंवा तशाच रस्त्यावर, पाच-पाच पीएसआय कमी करत फेऱ्या मारायच्या. दोन दाबांत फरक कळेनासा झाला की खालचा घ्यायचा. दाब मोजायला स्वतःचा वेगळा गेज वापरायचा, कारण दोन पंपांचे काटे क्वचितच जुळतात. आणि सकाळच्या गारव्यात 85 भरून सायकल उन्हात ठेवू नका. टायर 20 अंशांनी तापला तर जवळजवळ 7 पीएसआय आपोआप चढतात.

दुसरी चूक, टायरवर छापलेल्या रुंदीवर विश्वास. रुंद रिमवर 25 मिलिमीटरचा टायर फुगून 26-27 मिलिमीटर होतो. बसवा, हवा भरा, एक दिवस तसाच ठेवा, मग व्हर्नियरने मोजा. रिमची बाहेरची रुंदी टायरच्या मोजलेल्या रुंदीच्या निदान 105 टक्के असावी. म्हणजे टायर 26.5 भरला तर रिम 28 च्या आसपास हवी. टायर रिमबाहेर फुगला की खोल (उंच कडांच्या) रिमचा वारा कापण्याचा फायदा कमी होतो. पुढच्या चाकावर हे जास्त महत्त्वाचं, कारण न ढवळलेला वारा आधी त्यालाच भेटतो. जुन्या टीटी फ्रेममध्ये मागचा टायर घासत तर नाही ना, तेही बघा.

हुकलेस रिम (टायर अडकवायला आतून आकडा नसलेली) असेल तर 5 बार, म्हणजे 72.5 पीएसआय, ही कमाल मर्यादा. त्याहून कमी लिहिली असेल तर ती पाळा. टायरही हुकलेससाठी चालतो असं कंपनीने लिहिलेलाच हवा. 2024 च्या यूएई टूरमध्ये थॉमस डी गेंटचा टायर हुकलेस रिमवरून सुटला, आणि तो तर मुरलेला व्यावसायिक रायडर. इथे जुगाड करणाऱ्यांशी मी बोलतही नाही.

वेगवान टायरमध्ये जाड ब्यूटाइल ट्यूब (नेहमीची काळी रबरी) घालू नका. जास्त लवचीक लेटेक्स ट्यूब घाला आणि रेसच्या सकाळी हवा भरा, कारण ती रात्रभरात उतरते.

रेसच्या आदल्या रात्री नवा ट्यूबलेस बसवणाऱ्यांना काय म्हणावं! निदान आठवडाभर आधी बसवा, एक राइड करा, सीलंट (भोकं बुजवणारं द्रव) आतून नीट पसरू द्या. बीडजवळची (रिममध्ये बसणाऱ्या टायरच्या कडेजवळची) रेघ दोन्ही बाजूंनी सारखी दिसते का, हे चाक फिरवून बघा. एका जागी ती आत गेलेली असेल तर टायर नीट बसलेला नाही.

टीटी टायरवर रोजचा सराव नको. त्याचं रबर पातळ असतं आणि पंक्चरपासून संरक्षणही बेताचंच. रस्ता काचांचा किंवा ओला असेल, तर मी कॉन्टिनेंटल कंपनीचा जीपी 5000 टीटी टीआर हा टीटी टायर काढून त्याच मालिकेतला जास्त दणकट एस टीआर लावतो आणि थोडे वॉट खुशाल सोडतो.

डिस्क व्हील (आऱ्यांऐवजी तबकडीसारखं बंद चाक) पहिल्यांदाच वापरताय? त्याच्या व्हॉल्व्हजवळच्या खाचेत पंपाचं साधं डोकं बऱ्याचदा बसत नाही. व्हॉल्व्हचा अडॅप्टर घरीच लावून बघा आणि रेसच्या बॅगेत टाका.