गावच्या वाचनालयात थोरोवर बोलायचं असेल तर

आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात परदेशी लेखकावर व्याख्यान म्हटलं की वक्ता जन्मसालापासून सुरू करतो आणि मागची बाकं रिकामी होऊ लागतात. एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरो याच्या बाबतीत तरी असं करू नका. या माणसानं 'वॉल्डन' या पुस्तकात आपल्या तळ्याकाठच्या जगण्याचा पै-पैचा हिशेब लिहून ठेवलाय. तोच लोकांपुढे मांडा.

आधी अंगणात रांगोळीनं दहा बाय पंधरा फुटांची चौकट आखा. अमेरिकेतल्या काँकर्ड गावाजवळच्या वॉल्डन तळ्याकाठचं त्याचं घर एवढंच होतं. आत एक खाट, एक टेबल, तीन खुर्च्या ठेवा आणि लोकांना आत जाऊन बसू द्या. जागा त्याचा मित्र, लेखक एमर्सन याची. ४ जुलै १८४५ ला थोरो तिथं राहायला गेला, ६ सप्टेंबर १८४७ ला निघाला. रेल्वेवर काम करणाऱ्या एका आयरिश मजुराची झोपडी त्यानं सव्वाचार डॉलरला घेतली, मोडली आणि फळ्या उन्हात गवतावर पसरल्या. सगळं घर २८ डॉलर साडेबारा सेंटांत उभं राहिलं. हार्वर्डच्या विद्यार्थ्याला तेव्हा खोलीचं वर्षाचं भाडंच ३० डॉलर पडायचं, हे सांगायला विसरू नका.

मग फळ्यावर शेतीचा हिशेब मांडा. जमीन अडीच एकर, म्हणजे आपले शंभर गुंठे. मुख्य पीक घेवडा. खर्च १४ डॉलर साडेबहात्तर सेंट, उत्पन्न २३ डॉलर ४४ सेंट. नांगरणीचे साडेसात डॉलर त्यात आहेत, कावळ्यांसाठी बांधलेल्या दोरीचे दोन सेंटही आहेत. इथं घाई करू नका. भात, रताळी काढणारी माणसं समोर असली की "स्वतःची मजुरी धरली का ओ त्यानं?" असा प्रश्न येतोच. धरली नव्हती. या एका प्रश्नावर अर्धा तास गेला तरी जाऊ द्या. माझ्या मते व्याख्यानाचा खरा गाभा तोच.

त्याला जंगलातला तपस्वी मात्र करू नका. काँकर्ड गाव तिथून चालत अर्ध्या तासावर, आणि तो तिथं आपल्या घरच्यांकडे जेवायलाही जायचा.

तुरुंगाची गोष्ट नीट सांगा. गुलामगिरी आणि मेक्सिकोवरचं युद्ध चालवणाऱ्या सरकारला तो डोईपट्टी देईना, म्हणून जुलै १८४६ मध्ये एक रात्र त्याला कोठडीत ठेवलं. कुणीतरी परस्पर पैसे भरले आणि सकाळी तो सुटला. त्यावरचा, म्हणजे सविनय कायदेभंगावरचा, त्याचा निबंध १८४९ मध्ये छापून आला. बेळगावात १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाचं अध्यक्षपद गांधीजींकडे होतं, त्यामुळे इथं हा धागा जोडायचा मोह होतो. जोडा, पण गांधीजींनी सत्याग्रह थोरोकडून उचलला असं म्हणू नका. दक्षिण आफ्रिकेतला लढा १९०६ मध्येच सुरू झाला होता. थोरोच्या निबंधावर गांधीजींच्या तिथल्या 'इंडियन ओपिनियन' या साप्ताहिकात लिहून आलं ते १९०७ मध्ये.

पहिल्या पुस्तकाच्या हजार प्रतींपैकी ७०६ प्रकाशकानं १८५३ मध्ये परत पाठवल्या आणि त्या त्यानं स्वतः माळ्यावर वाहून नेल्या, हेही सांगा. १८६२ मध्ये क्षयानं गेला तेव्हा तो ४४ वर्षांचा होता.

दुर्गाबाई भागवतांनी केलेला 'वॉल्डन'चा मराठी अनुवाद 'वॉल्डनकाठी विचारविहार' आधीच मागवून ठेवा. हिशेबाची पानं गावातल्याच एखाद्या शेतकऱ्याकडून मोठ्यानं वाचून घ्या. आणि तारीख भातकापणी आटोपल्यावरचीच धरा.